खिटकुलं

प्रिय चिंगे,

काल आमच्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात नव्या पुस्तकांचा समारंभ झाला. इतिहास, भाषा, अनुवाद मिळून नऊ पुस्तकं, आणि सगळ्यांत जास्त कौतुक इतिहासाच्या सरांनी आणलेल्या 'विणकर बायकांच्या पत्रां'चं. सर भाषणात दोनदा गहिवरले. चहाही न घेता मी माझ्या टेबलाशी, प्रुफांच्या गठ्ठ्याआड येऊन बसले.

ती पत्रं तुझी आहेत. म्हणजे त्या बायकांचीच, पण त्या जुन्या, आता कुणाला धड न कळणाऱ्या बोलीतून ती मराठीत आणलीस तू, सात वर्षं डोळे फोडून. आमच्याकडे हस्तलिखित दिलंस, ते अभिप्रायासाठी सरांकडे गेलं आणि 'अनुवाद कच्चा आहे' असा शेरा मारून त्यांनी परत पाठवलं. त्यानंतर तू लेखणीला हात लावला नाहीस. तोच कच्चा अनुवाद आता त्यांच्या नावावर पिकलाय. शिसारी येते गं. वर पुस्तक अर्पण केलंय 'सत्यास'.

बरं, आता जरा हस. चौथं प्रकरण अकरा पानांचं आहे आणि ते सगळं 'खिटकुलं' या एका शब्दावर आहे. तिसऱ्या पत्राला भोक पडून एक शब्द गेला होता, तिथे तू तात्पुरतं आपलं खिटकुलं बसवलं होतंस आणि काढायला विसरलीस. नाव आठवेना त्या प्रत्येक वस्तूला आपण लहानपणी खिटकुलं म्हणायचो, आई वैतागायची. वहीत लिहिताना तू त्यावरचा अनुस्वार खायचीस आणि मी तुझा कान पिळायचे. सरांनी ते सूत मोजण्याचं लुप्त झालेलं माप ठरवलंय. तळटीपा आहेत, तक्ता आहे. काल एक बाई त्यावर प्रबंध लिहिणार असल्याचं सांगत होत्या.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. मला हे काल कळलेलं नाही. तीन महिन्यांपूर्वी प्रुफं तपासायला माझ्याच टेबलावर आली होती. पहिल्या पानावर तुझी वाक्यं ओळखली. सर प्रकाशन समितीचे अध्यक्ष, माझी निवृत्ती दोन वर्षांवर. मी मूग गिळून बसले. सरांची किळस येतेच, पण त्याहून जास्त माझी मला येते. कारण एकशे बाराव्या पानावर 'खिटकुल' असं पडलं होतं, आणि माझ्या हाताने सवयीने लाल शाईत त्यावर अनुस्वार दिला. कुठल्याच शब्दकोशात नसलेला शब्द मी दुरुस्त केला. तो कसा लिहायचा हे जगात आपल्या दोघींनाच ठाऊक आहे.

ते पान सोबत पाठवते आहे. खाली माझी सही आहे, तारीख आहे. तुझ्या हस्तलिखिताशेजारी ठेवलंस की त्यात सरांची चोरी दिसते आणि माझं गप्प बसणंही. हवं तिथे दाखव. ताईचं काय होईल, याचा विचार करू नकोस. ताईने तुझा केला नव्हता.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
ताई