कान मूळ रंगाचे राहिले म्हणून

आखाडा बाळापूर,
सोमवार

आदरणीय लक्ष्मीअक्कास,
धाकट्या प्रेमानंदचा सप्रेम जयभीम.

भाऊजींचा गुडघा आता पायरी चढतो का, की अजून दुखणं त्याचं आणि बोलणी तुला? तुझी शुगर, शेळीची पिल्लं आणि दारातला कढीपत्ता, सगळ्यांची खुशाली कळव. आम्ही इकडे ठीक आहोत. फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तुमचं निम्मं डोंगरकडा गाव ‘बोला प्रेमानंदभाऊ’ म्हणतं. म्हणून लिहायला बसलो.

विषय आपल्या आकांक्षाचा. नर्सभरतीच्या परीक्षेला तिला मी हिंगोलीला नेलं होतं. घरी येऊन तिने तुला ‘सगळं बराबर झालं’ एवढंच सांगितलं असणार, कारण पोरगी मामाची अब्रू सांभाळते. खरी हकीकत अशी की अर्जावरचा फोटो माझ्याच स्टुडिओतला. तिने बजावलं होतं, मामा, आहे तशी ठेव. पण इतकी वर्षं मी नवऱ्यामुलींना, पुढाऱ्यांना (आणि एकदा मालकाच्या हट्टापायी एका बैलाला) उजळवत आलोय. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बोटं आपोआप कॉम्प्युटरकडे वळतात. भाचीवर तर प्रेमापोटी जास्तच हात फिरवला. फोटोतली पोरगी इतकी पांढरीफटक झाली की रस्त्यात भेटली असती तर मीच तिला तुमचं गाव कोणतं म्हणून विचारलं असतं.

परीक्षेवरच्या बाईंनी तेच केलं. हॉलतिकीट बघितलं, आकांक्षाला बघितलं आणि तिला रांगेतून बाजूला काढलं. “ही तू न्हाईस. दुसरीच्या नावावर काहून येऊन राहिली?” आधारकार्ड दाखवलं, तर त्यातल्या फोटोत ती कुणासारखीच दिसत नव्हती (माझ्या कार्डावर मीही दिसत नाही). दार बंद व्हायला आलेलं, दवाखान्यात रात्रपाळ्या करता करता केलेला तिचा सगळा अभ्यास बाहेर अडकलेला, आणि मी फाटकाचे गज धरून ‘फोटो मी काढलाय, फोटो मी काढलाय’ म्हणून ओरडत होतो. त्याने संशय आणखी वाढला.

पण अक्का, तुझी लेक रडली नाही की चिडली नाही. पेशंटला समजवावं तशी बाईंना सांगू लागली. कातडीचा जो वरचा थर, त्याच्या अगदी तळाशी काही कारागीर पेशी बसलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाचा रंग बनवतात, त्याच्या इवल्या इवल्या पुड्या बांधतात आणि शेजारच्या पेशींना वाटून टाकतात. घेणारी पेशी ती पुडी आपल्या गाभ्यावर छत्रीसारखी धरते, म्हणजे उन्हाचा मार आत पोचू नये. गोऱ्या माणसात आणि आपल्यात हे कारागीर जवळपास सारखेच असतात, फक्त आपल्या पुड्या मोठ्या आणि गच्च भरलेल्या. केसांच्या मुळाशी, डोळ्याच्या बुबुळात, कानाच्या आतसुद्धा असा रंग तयार होतो म्हणे. (माझ्या केसांतले कारागीर कधीच काम सोडून गेले, हे तुला माहीत आहे.) मग ती म्हणाली, “बाई, मामानं चेहऱ्याचा रंग पुसला, पण कान पुसायचे राहून गेले. कान बघा.”

बाईंनी चष्मा सारखा केला. फोटोत चेहरा परक्याचा आणि दोन्ही कान अस्सल आपल्या घरचे. (कान उजळायचं मला कधी सुचलंच नाही. तालुक्यातल्या सगळ्या लग्नाच्या अल्बमांत नवरदेव दोन रंगांचे आहेत आणि आजवर कुणी तक्रार केली नाही.) उजव्या पाळीवरचा तीळसुद्धा जागच्या जागी होता. तीळ म्हणजे याच पेशींचा एका ठिकाणी जमलेला घोळका, हेही तिने जाता जाता सांगून टाकलं. बाईंनी तीळ दोनदा ताडून पाहिला. “जाय आत. आन् मामाला म्हणावं, दुसरा धंदा बघ.”

परत येताना कळमनुरीला चहा घेतला. कप धरलेल्या तिच्या हाताकडे मी बघत राहिलो. आपल्या आईचा रंग आहे तो, अक्का. मला त्या हाताचा फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त त्या डोक्याचा. निकाल काय लागायचा तो लागो. आता स्टुडिओत पाटी लावली आहे, ‘चेहरा असेल तसाच मिळेल’. गिऱ्हाईक कमी झालं, बैलवाला मात्र येतो.

भाऊजींना जयभीम.
तुझा,
प्रेमानंद

ता. क. : येत्या रविवारी आकांक्षाला इकडे पाठव, पण कशाला ते कुणाला सांगू नकोस. माझ्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग उठलाय. एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरतोय. नांदेडच्या कातडीच्या डॉक्टरकडे एकट्याने जायची हिंमत होत नाही. ती सोबत असली तर विचारता येईल, तिथले कारागीर नुसते रुसलेत की गेलेत, आणि गेले असतील तर परत येतात का.

पुन्हा ता. क. : काल दुपारी शटर ओढून घेतलं, मनगटाचा फोटो काढला आणि तो डाग कॉम्प्युटरवर आपल्या रंगाने भरायला बसलो. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. गोरं करायला मला एक मिनिट लागतं. आपला रंग काही जमला नाही, अक्का.