ओटीचा दगड

सोमवार, ता. ११ जानेवारी १९५४. सकाळी ७ वा. २० मि.
डोंग्यात बसून मोजणीच्या साखळीच्या कड्या पुसत आहे. वैनगंगेच्या पुराची सर्वांत उंच खूण गावोगाव मोजायची, काठावर कोण राहते ते लिहायचे. आजचे गाव नववे. सत्तावीस घरे, सर्व मासेमारीवर.

सायं. ५. येथे पूर चढला की बाया पाण्याच्या कडेशी नदीची ओटी भरतात व तेथे दगड रोवतात. याहून मोठा पूर येईपर्यंत त्याला कोणी हात लावीत नाही. दगड चिंचेच्या मुळाशी. एकट्याने मोजून वहीत लिहिले. ओव्हरसिअर साहेब उद्या येतील.

ता. १२
दगड चिंचेपाशी नाही! वर देवळाच्या पायरीशी, ताजा शेंदूर फासलेला. पूर जितका उंच तितकी सरकारी मदत जास्त, असे गावाला वाटते. ओव्हरसिअर साहेबांनी दगड पाहिला, मग मला. "लिहा." लिहिले.

आमचा नावाडी सुकल याच गावचा. तो एकटाच बोलला, "गोटा इथं नव्हता जी, चिचेपाशी होता." त्याच्या सख्ख्या भावाने त्याला वल्ह्याने मारले. "गावावरच उलटून राहिला काय बे?" दोन दात गेले. मग पंचनाम्यावर पहिला अंगठा त्याचाच. भावाने धरला, शाई मी लावली.

ता. १३
दुपारी साहेबांनी सर्वांना बसवून सांगितले. खुणेखालची वस्ती धोक्याची. सत्तावीसही घरे उठणार, तीन कोसांवर मुरमाड माळ मिळेल.
एक म्हातारी : "तिथं जाळं कायच्यात टाकू, बापा?"
"गिट्टीत टाका." साहेब हसले. मीही, थोडा.
मग सगळे पाया पडले, गोटा आमीच सरकवला जी. साहेब म्हणाले, "पंचनामा झूठा? फिर तो सबको जेल."
भाऊ सुकलला ओढीत घेऊन आला. "सांग ना रे, खरं सांग."
सुकल रक्त थुंकला. "आता कायले? अंगठा तूच धरला ना?"

ता. १४. सकाळी ८
चिंचेचे माप धरले तर चारच घरे खुणेखाली येतात. त्यांत सुकलचे एक. त्याला हे ठाऊक होते काय?
माझ्या वहीतले माप साहेबांना माहीत नाही. दाखवले तर नोकरी... पाचच महिने झाले.
सुकलला विचारले, काय लिहू? तो डोंग्यातले पाणी उपसत होता. "सातवीपर्यंत तुमी शिकले, बाबूजी. मले काऊन पुसून राहिले?"
पक्क्या प्रतीत सर्व रकाने भरले, खुणेच्या उंचीचा एक सोडून. साहेब दाढी करीत आहेत, ती झाली की सहीला प्रत मागतील. दुसरा गाल चालू आहे.