दक्षिणेचे चार चौकोन

३ फेब्रुवारी
शोकाचे तीन दिवस संपले. शेवटच्या पाहुण्या दुपारी गेल्या. तंबूभर खजुराच्या बिया, वाट्यांत, ताटल्यांत, चटईवर. सगळ्या गोळा केल्या, भिजवल्या, शेळ्यांना घातल्या. बाबा गेले, आणि मला रडू आलं नाही. बायका वाट बघत होत्या!

४ फेब्रुवारी
कॉफी केली. दोन कप ओतले. दुसरा तसाच राहिला.

६ फेब्रुवारी
अभयारण्याच्या कचेरीत कामावर गेले. हरणांच्या गणनेचे कागद पडले होते. नकाशावर वाळवंटाचे बारा चौकोन पाडलेले: उत्तरेच्या आठांचे आकडे भरलेले, दक्षिणेचे चार कोरे. ते बाबांचे, वीस वर्षं तेच मोजायचे. यंदा ते अंथरुणाला खिळले म्हणून त्यांच्या जोडीचे पहारेकरी बखीतकाका गेले, आणि परतले ते थेट मयतीला. त्यांना विचारलं, किती?

"माशाल्ला, बरकत आहे."

झालं! जित्या जनावराचा आकडा तोंडाने काढला की नजर लागते, असं आमच्याकडे. बाबाही बोलायचे नाहीत, पण त्यांचं मला कळायचं. कॉम्प्युटर कोरं घर घेत नाही. मी चार शून्यं घातली आणि घरी आले.

९ फेब्रुवारी
कळपाचा मध्य काढला. हरणं जिकडे जास्त, तिकडे नकाशावरचं टिंब ओढलं जातं. यंदा एकोणतीस किलोमीटर उत्तरेला! मस्कतहून साहेबांचा, उस्ताद नासिरांचा फोन — "कळप सरकला की गं! मग दक्षिणेची चौकी कशाला हवी?" महिनाअखेर पहारा उठणार. शिकारी टपलेलेच आहेत. मी "बरं" म्हटलं. काहीच वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी
काकांना चौकीचं सांगितलं. भडकले.

"हरणं कुठे जातायत! मी मोजून आणली नाहीत का? तुझ्या बापासारखीच, हरणामागे एक बी. चार चौकोन, चार वाट्या. तू बायकांत बसलेली, मी आत कसा येणार? कनातीखालून सरकवल्या!"

बिया. बाबा घरी येऊन माझ्या ओंजळीत ओतायचे त्याच. मी कशी विसरले?

"काका, त्या शेळ्यांनी खाल्ल्या."

काकांनी शेळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अगं, तुझ्या शेळ्यांनी चार चौकोन गिळले!" हसले. मीही हसले. आणि मग रडले, खूप वेळ. शेवटी डोळे पुसून विचारलं,

"आठवतंय का, किती होती?"

"आठवलं तरी बोलायचा नाही."

१५ फेब्रुवारी
उस्ताद नासिरांना सांगितलं, चूक माझी. म्हणाले, "शोकात होतं असं. पण मला आकडा लागेल. दहा दिवस देतो."

२३ फेब्रुवारी
आठवडाभर काका गाडी हाकत होते, मी मोजत होते. बाबांचा जुना कोट घातला होता, त्याचे खिसे खोल; हरणामागे एक बी खिशात. आज चारही चौकोन ओंजळीत ओतले, तीनदा मोजले. आकडा मस्कतला कळवला, इथे नाही लिहीत. टिंब गेल्या वर्षीच्या जागी आलं. चौकी राहतेय.

हरणं कुठेच गेली नव्हती. फक्त बाबा गेले.