बिनशिक्क्याचा नकाशा

२ जानेवारी २००१, मंगळवार

नव्या वर्षाचे संकल्प. एक, रागवायचं नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आहे. दोन, पापड-लोणचं बंद. तीन, रोज रोजनिशी, आणि खरं तेच लिहायचं.

पहिला संकल्प सकाळी अकरा वाजता मोडला. दोष माझा नाही.

नरसिंह साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, खासनीसजी, लोग अब मॅगझीन इंटरनेट पे पढते हैं, आपके सेक्शन में काम क्या बचा है?

काम क्या बचा है! परदेशातून येणाऱ्या प्रत्येक पुस्तकातला भारताचा नकाशा मी तपासतो. काश्मीर तोडलेला असेल, तर त्यावर माझ्या सेक्शनचा शिक्का पडतो : 'या नकाशातील भारताच्या सीमा अचूक व अधिकृत नाहीत.' हजार प्रती आल्या तर हजार शिक्के, सगळे हाताने. सत्तावीस वर्षं झाली. उजवा खांदा गेला, पण पद्माकर खासनीसच्या नजरेतून एकही चुकीचा काश्मीर या देशात सुटला नाही.

९ जानेवारी, मंगळवार

आमच्या गाझियाबादच्या कॉलनीतल्या राजीवच्या सायबर कॅफेत गेलो. इंटरनेट एकदा बघून घेऊ म्हटलं.

बघितलं. टेरास्केच डॉट कॉम नावाची अमेरिकन वेबसाइट. जगाचे नकाशे फुकट. भारत उघडला आणि डोकं फिरलं. काश्मीरचा वरचा अर्धा भाग गायब! शिक्का नाही, खुलासा नाही, लाजही नाही. शेजारी बसलेला एक मुलगा शाळेच्या प्रोजेक्टसाठी तोच नकाशा छापून घेत होता.

राजीवला सांगितलं, हा गुन्हा आहे, १९६१ चा कायदा आहे. तो म्हणाला, अंकल, वो तो अमेरिका में बैठे हैं. मी म्हटलं, नकाशा तर गाझियाबादेत उघडला ना? मग कायदा गाझियाबादचा. मी रोज स्कूटरवरून ऑफिसला जातो. यूपीत हेल्मेट दांडीला अडकवलेलं असतं, दिल्लीची हद्द आली की डोक्यावर चढवतो. ज्याच्या हद्दीत शिरलो त्याचा नियम. एवढं मला कळतं, अमेरिकेला कळू नये?

कडक पत्र लिहिलं. खाली नाव, हुद्दा, कलमं. एका मिनिटात उत्तर : आपलं पत्र आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. एका मिनिटात! चांगलीच तंतरलेली दिसते.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. गोड बोलायचा दिवस, म्हणून सुखदाशी बोलायला बसलो. भांडण झालं.

आमची कन्या ऑक्टोबरपासून गुडगावला एका कंपनीत आहे. पहाटे साडेपाचला कंपनीची क्वालिस गाडी येते, सात ते चार ड्यूटी. काम काय, तर परदेशी कंपन्यांच्या गिऱ्हाइकांच्या ईमेलना उत्तरं द्यायची. एम. ए. होऊन टपालबाबू! कुठल्या कंपन्या ते घरी सांगायचं नाही असं लिहून घेतलंय म्हणे. तिथे प्रत्येकाला एक इंग्रजी नावही देतात. तिचं काय आहे ते मी विचारलं नाही. ऐकायचंच नाही मला.

माझी बहीण प्रज्ञा हिनं सासरच्या नात्यातलं एक स्थळ आणलंय. यशोधन, नोएडात नोकरी, माणसं चांगली. सुखदा म्हणाली, एक एप्रिलला मी परमनंट होईन, झाले तर दोन वर्षं स्थळाचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, कबूल, पण नाही झालीस तर त्याच दिवशी पाहुणे येतील. तिनं हात पुढे केला. मी टाळी दिली. घरातही काही नियम हवेत.

मग तिला टेरास्केचचं प्रकरण सांगितलं. तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, बाबा, ती साइट चीनमध्येही दिसते, पाकिस्तानातही दिसते, मग त्यांनी कुणाच्या कायद्यानं नकाशा काढायचा? मी म्हटलं, बरोबर असेल त्याच्या. म्हणाली, बरोबर कुणाचं ते कोण ठरवणार? मी म्हटलं, माझं सेक्शन. त्यावर ती उठून गेली. या पिढीला मुद्दा संपला की उठून जायची सवय आहे.

२२ जानेवारी, सोमवार

टेरास्केचकडून माणसाचं उत्तर आलं. सही : सँडी. आपल्या भावना आम्ही समजतो, वरिष्ठांना कळवतो, वगैरे. गुळगुळीत.

एक गोष्ट लक्षात आली. मी सकाळी दहाला लिहिलं, उत्तर दुपारी साडेबाराला. तेव्हा अमेरिकेत रात्र असते. म्हणजे हा सँडी माझ्या पत्रासाठी रात्रभर जागा होता! भारत सरकारचा धाक अजून आहे म्हणायचा.

३ फेब्रुवारी, शनिवार

आठवी तक्रार. नोव्हेंबरात फ्रान्सच्या कोर्टानं एका अमेरिकन वेबसाइटला आपला कायदा पाळायचा हुकूम दिला, ते कात्रण जोडलं. फ्रान्सला जमतं ते आम्हाला का जमू नये? आमच्याकडे तर शिक्का आहे.

सँडीचं उत्तर नम्र. शेवटी लिहिलंय, सर, इतका त्रास करून घेऊ नका, गोळ्या वेळेवर घेत जा. मी पत्रात बीपीचं काही लिहिलं नव्हतं. पण माझ्या भाषेवरून त्यानं ओळखलं असेल. हुशार माणूस. चुकीच्या ठिकाणी नोकरी करतोय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

कृतीचा दिवस. सरकारी शिक्का स्क्रीनला मोठा पडतो, म्हणून पहाडगंजातून स्वखर्चानं छोटा करवून घेतला होता. राजीवच्या कॅफेत गेलो, टेरास्केचचा भारत उघडला आणि काचेवर शिक्का मारला. ठळक उमटला. सत्तावीस वर्षांचा हात आहे.

पुढे एक तांत्रिक अडचण आली. नकाशा सरकला, शिक्का सरकला नाही. माझ्यानंतर त्या मशिनवर एक शर्माजी बसले. ते भावी व्याह्यांना मुलाचा फोटो दाखवत होते. मुलाच्या बरोबर छातीवर : अचूक व अधिकृत नाहीत. व्याह्यांनी आधी चष्मा पुसला, मग काच पुसली. सरकारी शाई ती, अशी पुसली जाते होय? शर्माजी माझ्या अंगावर धावून आले.

राजीवनं हात जोडले, अंकल, आप कल से मत आना. मी त्याला राष्ट्रहित समजावून सांगितलं. तो म्हणाला, राष्ट्रहित ठीक है, मॉनिटर मेरा है.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सुखदाची नेलपॉलिश काढायची बाटली नेऊन काच स्वतः पुसून दिली. हा माघार घेण्याचा प्रकार नाही. मोहिमेसाठी मशिन लागतं. राजीवनं परत येऊ दिलं, पण खिसे तपासून.

५ मार्च, सोमवार

विजय! सँडीचं पत्र. शब्द न् शब्द उतरवून घेतोय : सर, तुमचं बरोबर आहे. तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे आमचा नकाशा चुकीचा आहे. कंपनीतर्फे मी माफी मागते. नकाशा बदलला जाईल याची मी काळजी घेईन. आता कृपा करून हे प्रकरण सोडा आणि सकाळी फिरायला जात जा.

इंग्रजीत बाई-पुरुष कळत नाही, पण मजकुराच्या नरमपणावरून उतरवताना आपोआप 'मागते' असं लिहिलं गेलं. असो. लेखी कबुली महत्त्वाची.

सँडीनं आता सोडा म्हटलंय, आणि संध्याकाळी सुखदाही तेच म्हणाली. बाबा, त्यांनी माफी मागितली ना, आता सोडा. मी तर घरी माफीचं अजून सांगितलंही नव्हतं! आमच्या सौ.नं, सुनेत्रानं, माझे कागद वाचले असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही. सुनेत्रा म्हणते, मी तुमच्या कागदांना हातही लावलेला नाही. खोटं बोलते.

१४ मार्च, बुधवार

नऊ दिवस झाले. नकाशा तसाच. वरचा अर्धा काश्मीर अजून गायब. हा सँडी लबाड निघाला!

नरसिंह साहेबांना कबुली दाखवली. त्यांनी नुसतं विचारलं, ये सँडी है कौन? कोई क्लर्क? इसकी बात से कंपनी थोड़ी बंधती है. झालं. माझ्या डोळ्यांपुढे लाल. टेरास्केचच्या अमेरिकेतल्या मुख्यालयाच्या कायदा विभागाला सविस्तर फॅक्स केला. सँडीची माफी जोडली. खाली लिहिलं : एक तर या कर्मचाऱ्याचा शब्द पाळा, नाहीतर खोटं आश्वासन दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करा. दोन्हीपैकी एक झालंच पाहिजे.

मसुदा सुनेत्राला वाचून दाखवला. ती म्हणाली, बिचाऱ्यानं तुमची समजूत काढायला लिहिलं असेल हो, त्याच्या पोटावर कशाला पाय देता? मी म्हटलं, कायद्याला पोट नसतं. वाक्य चांगलं जमलं, म्हणून इथे नोंदवतोय.

२० मार्च, मंगळवार

मुख्यालयाचं उत्तर! आपण ही बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहोत. सदर विधान करण्याचा त्या प्रतिनिधीला अधिकार नव्हता. योग्य ती कारवाई करण्यात आली आहे. आमची कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कायद्याला बांधील आहे.

शेवटचं वाक्य मी सोडून देतो, पराभूत माणूस काहीतरी बोलतोच. कारवाई केली! पद्माकर खासनीसच्या एका फॅक्सवर अमेरिका हलली. ऑफिसात सगळ्यांना कलाकंद वाटला. अर्धा किलो घरीही आणला. सुखदा आज जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. गोड तरी खा म्हटलं, कशाबद्दल तेही सांगितलं. ती खोलीत गेली आणि कडी लावली.

२१ मार्च, बुधवार

साडेपाचला क्वालिस आली नाही.

सुखदा घरीच. सुनेत्रानं सांगितलं, मला तोंडावर सांगायची तिची इच्छा नव्हती. टेरास्केचची पत्रं गुडगावला येत होती. सँडी म्हणजे सुखदा.

माझं पहिलं पत्र तिच्याच समोर उघडलं. नियमाप्रमाणे ते वर पाठवायला हवं होतं. तिनं पाठवलं नाही. वर गेलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी छापील उत्तर तोंडावर फेकलं असतं आणि बाबा आणखी चिडले असते, म्हणून चौदाच्या चौदा पत्रांना तिनं स्वतः उत्तरं दिली. माफीही मनानेच मागितली. मग माझा फॅक्स अमेरिकेत गेला, तिथून गुडगावला आला, आणि मॅनेजरनं तिला काल बारा वाजता बाहेर काढलं.

भयंकर संताप आला आहे. कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

२५ मार्च, रविवार

ठरलं. कंपनीचा! भारतातली मुलगी, भारतातलं ऑफिस, भारतात काढून टाकलं. लेबर कोर्टात खेचतो. तिच्याकडून नेमणुकीचं पत्र मागितलं. ऑक्टोबरात तिनं ते मला वाचायला दिलं होतं, तेव्हा मी टपालबाबूचं पत्र काय वाचायचं म्हणालो होतो.

आज वाचलं. कलम सतरा : या नोकरीसंबंधीचे सर्व वाद डेलावेअर राज्याच्या कायद्याप्रमाणे सोडवले जातील.

मी ओरडलो, हे चालणार नाही, हे गुडगाव आहे. सुखदा शांतपणे म्हणाली, चालतंय बाबा. त्यांचा कायदा गुडगावपर्यंत येतो. तुमचा गाझियाबादच्या कॅफेच्या बाहेर जात नाही.

तरी वकिलाला भेटायचं ठरवलं आहे. उद्या पाडवा. परवा बघू.

१ एप्रिल, रविवार

वकील गावाला गेलाय. खांदा दुखतोय. नकाशा तसाच आहे.

यशोधनकडचे पाहुणे चारला येणार. प्रज्ञाला फोन करून नको म्हणावं असं सकाळपासून दोनदा मनात आलं. पहिल्यांदा फोन एंगेज होता. दुसऱ्यांदा वाटलं, ठरलं ते ठरलं, एकदा सूट दिली की नियमाला अर्थ राहत नाही. शिवाय माणसं चांगली आहेत.

सुखदा वाद घालेल म्हणून मुद्दे काढून ठेवले होते, पाच. तिनं एकही वाद घातला नाही. फक्त विचारलं, चहा मी घेऊन येऊ की आई, आणि नोकरीचं विचारलं तर काय सांगायचं ते आत्ताच सांगून ठेवा. मी म्हटलं, तुला योग्य वाटेल ते सांग. ती म्हणाली, नको बाबा, तुमच्या हद्दीत आहे, तुम्हीच सांगा.

सत्तावीस वर्षांत माझा हुकूम असा मुकाट्यानं कुणी पाळला नव्हता. मला फार राग आला आहे. पावणेचार झाले. ती साडी नेसून बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडते आहे.