तांडेलचं ऑपरेशन

दिघी,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षास,

बाबांचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी ओसरल्यापासून आईचा गुडघा गप्प आहे, आई मात्र नाही. यंदा वालाच्या शेंगा मुबलक आल्यात. कोंडाजीने परवा गोणभर आणून ओटीवर टाकल्या. तू असतीस तर मडक्यात शेंगा भरून अंगणात पोपटी भाजायला लावली असती. आम्ही दोघं कितीशा खाणार, म्हणून शेजारी वाटल्या.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर ऐक. फोनवर मी बरेच दिवस तुझ्याशी खोटं बोलतोय. डॉक्टर रजेवर आहेत म्हणालो. मग फेरीबोट बंद आहे म्हणालो. मग तांडेलला सर्दी झालीय म्हणालो. हे शेवटचं तू नुसतं ऐकून घेतलंस, तेव्हाच मी ओळखलं की माझी चोरी पकडली गेली. कागदावर मला खोटं बोलता येत नाही. नोकरीतली सवय आहे, जाईल कशी.

आधी बातमी देतो. तांडेलचं ऑपरेशन झालं. शुक्रवारी. पठ्ठ्या ठणठणीत आहे. आत्ता मी लिहितोय त्या कागदाच्या कोपऱ्यावर तो बसलाय आणि उठायला तयार नाही, म्हणून इथली ओळ वाकडी आली आहे.

आता इतका उशीर का, ते सांगतो. तू पुण्याला गेल्यावर ‘बाबा, बोक्याचं ऑपरेशन करून घ्या’ असं सांगितलंस, तेव्हा मी हसलोच होतो. माझा उभा जन्म आरोग्य खात्यात गेला. या खाडीच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांतून सायकल रेटत फिरलो, ते पुरुषांना नसबंदीला राजी करायलाच. तुझ्यावर थांबायचं ठरवून आधी स्वतःची करून घेतली, मगच दुसऱ्याच्या दारात गेलो. लोक लपून बसायचे, बायकांना ‘घरात नाहीत’ म्हणून सांगायला लावायचे. मी ओटीवर ठाण मांडून चहा मागायचो. अशा माणसाला एक बोका जड जावा?

जड गेला, दीक्षा. फार जड गेला. मोबाइलवर बोक्याच्या ऑपरेशनचा व्हिडिओ लावायचो आणि अर्ध्यात बंद करायचो. भुलीतून उठलाच नाही तर? उठला आणि मला ओळखलं नाही तर? आपल्या आळीत छाती काढून फिरणारा गडी उद्या कौलावर चढायलाही विचार करायला लागला तर? रोज सकाळी म्हणायचो, उद्या नेऊ.

मग जानेवारीत तो गायब झाला. हे तुला सांगितलं नव्हतं, रागावू नकोस. खालच्या आळीतल्या कुठल्याशा भाटी मांजरीपायी दुसऱ्या बोक्याशी जुंपली असणार. आला तेव्हा कान फाटलेला, जबडा सुजून लिंबाएवढा. आईने बांगड्याचं पाणी बोटाने चाटवून त्याला जगवला. गुरांचे डॉक्टर आपल्या शेजारी म्हैस बघायला आले होते, त्यांना दाखवला. ते म्हणाले, याला असाच फिरू दिलात तर एक दिवस परत यायचा नाही. औषध दिलं, मुरुडच्या दवाखान्याचं नाव दिलं आणि गेले. तरी मी जाईना.

शेवटी आईने कोंडाजीला बोलावलं. वरच्या वाडीतल्या या कोंडाजीला मीच तरुणपणी हाताला धरून नसबंदीला नेला होता. वाटेत दोनदा पळाला होता. तो आला, ओटीवर ठाण मांडलं, चहा मागितला आणि माझ्याच आवाजात सुरू झाला.

“घाबरायचं न्हाय, भाऊ. धा मिन्टाचं काम. मुंगी चावल्यावानी वाटतं. दुसऱ्या दिवशी नांगर धरायचा.”

“बोका नांगर धरत नाही,” मी म्हणालो.

“ताकद तसूभर कमी व्हत न्हाय. मी हाय ना तुमच्या म्होरं बसलेला.”

आई आत तोंडाला पदर लावून हसत होती. शुक्रवार ठरला.

आदल्या रात्रीपासून बोक्याला उपाशी ठेवायचं होतं. सकाळी नीराबाई मासळीची पाटी घेऊन दारात आली आणि तांडेलने जो गळा काढला, तो जेट्टीपर्यंत ऐकू गेला असेल. मलाही घास उतरेना, नाश्ता तसाच राहिला. आईने ताट उचललं आणि म्हणाली, “तुम्ही कशापायी उपाशी? तुमची परत करायची हाय काय?”

मासळीच्या एका क्रेटवर दुसरी पालथी बांधून त्याला आत बसवला. वासाने तो खूश. फेरीत बसलो आणि कोंडाजीने साऱ्या बोटीला जाहीर केलं, की ज्या भाऊंनी माझी केली तेच आज बोक्याची करायला चाललेत. झालं! सगळी बोट आमच्याभोवती. कुणी म्हणे हळद लावा, कुणी म्हणे थोडे दिवस जिना चढू देऊ नका. एका म्हाताऱ्याने तर पुढे येऊन माझ्याशी हात मिळवला. “वळखलं न्हाय काय? मी बी तुमचाच पेशंट.” मी ओळखलं नव्हतं, पण ‘कसं आहे आता?’ असं जुन्या सवयीने विचारलं. तो म्हणाला, “झकास!” अख्खी बोट हसली.

खाडीच्या मध्यावर आलो तेव्हा मला राहवलं नाही. मी कोंडाजीच्या कानात सांगितलं, “अरे, तुझी नुसती नळी बांधली होती. याचं सगळंच काढून टाकतात.”

कोंडाजीने आपले दोन्ही गुडघे जवळ घेतले. “सगळं?”

“सगळं.”

त्याने मागे वळून दिघीच्या जेट्टीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “भाऊ, बोट लागली की ह्याच बोटीनं परत फिरू.”

आणि बघ कसं असतं. तो खचला आणि मी ताठ झालो. इतक्या वर्षांचा आवाज आपोआप घशातून बाहेर आला. मी त्याला समजावलं, की याला बायका-मुलांची आठवण येत नसते, मारामाऱ्या थांबतील, उरलेला कान शाबूत राहील, घर धरून राहील, चार वर्षं जास्त जगेल. कोंडाजी मान डोलवत होता. ऐकता ऐकता मलाही पटत गेलं. आगरदांड्याला उतरलो तेव्हा क्रेट माझ्या हातात होती आणि कोंडाजी मागून येत होता.

मुरुडची डॉक्टरीण तरुण आहे, तुझ्याच वयाची, हलक्या हाताची. आम्ही दोघं बाहेर बाकावर. चहा सांगितला, तो गार झाला. तिने बाहेर येऊन ‘झालं, काका’ म्हटलं आणि मी तिच्यासमोर रडलो. उगाच, लहान पोरासारखा. कोंडाजीने खांद्यावर हात ठेवला, मीही त्याच्या खांद्यावर असाच ठेवला असेल तेव्हा.

घरी आल्यावर दोन तास तो ताडी प्याल्यासारखा चालत होता. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं कडं, त्यामुळे प्रत्येक दाराच्या चौकटीला धडका. काल सकाळी तेच कडं घालून फळीवर चढला आणि सुके बोंबील खाली पाडले. आईने शिव्या घातल्या, त्यातले दोन त्यालाच खायला दिले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

आता ज्यासाठी हे पत्र, ते. तुझ्या घरमालकीण रुचिका मॅडम म्हणाल्या होत्या, की ऑपरेशन झालेला बोका चालेल. म्हणजे आता चालेल. येत्या रविवारी तू येणारच आहेस, तेव्हा त्याला नेशील. ऑपरेशन झालं की तो जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आईने तर तोंडावर सांगितलं, “तुम्हाला भुलीची भीती न्हाय. तो गेला की घर कसं वाटंल, त्याची भीती हाय.” मी तिच्यावर ओरडलो. ज्या अर्थी ओरडलो, त्या अर्थी ती बरोबर होती.

तू गेलीस त्या आठवड्यात संध्याकाळी आम्ही दिवे लागताच दार लावून घ्यायचो. मग हा बाहेर राहायला लागला, म्हणून दार उघडं ठेवायला लागलो. दार उघडं म्हणून येणारे-जाणारे डोकवायला लागले, बसायला लागले. आई दोन कप चहा जास्त ठेवते. आमच्या संध्याकाळी पुन्हा माणसांत आल्या त्या त्याच्यामुळे.

लोकांच्या भल्याचं मी आयुष्यभर त्यांच्या गळी उतरवलं. स्वतःला काय हवं ते मागायची मात्र सवय नाही. म्हणून एकदाच, सरळ लिहितो: बोका आमच्याकडे राहू दे.

नेणारच असशील तर ने, तो तुझा आहे, मी क्रेट स्वतः बोटीत चढवून देईन. पण मग दर महिन्याला पुण्याला येईन, आणि फक्त बोक्याला बघायला आलो असं खोटं सांगणार नाही.

आई म्हणते, “पोरीलाबी ठेवून घेतलं असतं असं लिवा.” मी नोकरी करणाऱ्या मुलीला असं लिहिणार नाही. आई म्हणाली एवढंच कळवतो.

तुझा,
आणि तुझ्याशिवाय अजून नीट न रुळलेला,
बाबा