मयुरीला सांगून टाक

सुचिता,

लोणारहून ताईचा आशीर्वाद. वसतिगृहातला स्वयंपाक जमतो, काळजी करू नको. मयुरीचा ताप उतरला का?

तिच्यासाठी पुस्तक पाठवते. लहानपणी तिच्यासारखाच ब्लड कॅन्सर होऊन बरी झालेल्या बाईनं ते लिहिलंय. "मावशी, आता माझा नंबर!" म्हणत इथल्या पोरी त्यासाठी भांडतात. मी अक्षरं जुळवत चार दिवसांत संपवलं. घरच्यांनी आजार लपवला, याचाच त्या बाईला जास्त राग आला होता.

तूही लपवतेस. पोरीला सांगून टाक. तुझ्या भाऊजींनी मला विचारलं होतं, "मले काय झालं, खरं सांग." मी म्हटलं, "साधी गाठ हाय." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, आणि शेवटचे दोन महिने आम्ही एका खोलीत एकेकटे बसलो.

तिच्या डोक्यावरून हात फिरव.

तुझी,
तानुताई