बिनचूक भाषेतलं पिल्लू

४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पिल्लू ठरलं. म्हातारा कुत्रा गेल्यापासून हे नुसते खिडकीशी बसून असतात, तुला ठाऊकच आहे. इंटरनेटवर जाहिरात दिसली. विकणाऱ्याचं उत्तर वाचून समाधान वाटलं. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली, माणूस कसा आहे ते मला दोन ओळींत कळतं. निम्मे पैसे पाठवले. यांनी आजच जुना वाडगा घासून ठेवला. फोनवर काढलेल्या शंका तुझ्यापाशीच ठेव. आणि मागच्या पत्रात लिहिलंस तसं ‘आशिर्वाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’.

लोभ आहेच, तो वाढव, अक्षर सुधार.
ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू फोन ठेवून दिलास, म्हणून लिहितो. शुद्धलेखनावरून सज्जन ठरवायचे तर मी केव्हाच तुरुंगात हवा होतो. चेष्टा राहू दे. उरलेले पैसे पाठवू नकोस. पिल्लू त्याच्या आईजवळ व्हिडिओ कॉलवर दाखव म्हणावं, नाहीतर पत्ता दे, मी जाऊन बघून येतो. खरा असेल तर चिडणार नाही. जाहिरातीतला फोटो मी शोधून पाहिला. त्याच फोटोतलं पिल्लू निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या नावांनी विकायला आहे. लाल पेन खाली ठेव, फोन उचल.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लोभ असू दे.
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देते.

तुझं पत्र येण्याआधीच उरलेले पैसे गेले होते. मग त्याने प्रवासाच्या पेटीचे मागितले, मग लशीचे. दिले. प्रत्येक निरोप बिनचूक. नंतर नंबर बंद. पिल्लू दाखवा म्हणावं असं मनात आलं होतं. पण इतकं नीट लिहिणाऱ्यावर संशय घ्यायची मलाच लाज वाटली.

पैशांचं सोड. ठरल्या दिवशी हे गळपट्टा खिशात घालून पार्सल ऑफिसच्या बाकावर बसून राहिले. पिल्लू आजारी पडलंय, बरं झालं की पाठवतील, असं मी सांगून बसले. आता रोज विचारतात, आज त्यानं काही खाल्लं का. मी म्हणते, थोडं दूध घेतलं. तू फोन केलास तर हेच सांग.

लोभ मागायचा मला अधिकार नाही.
ताई

२३ मार्च

ती. ताईस सा. न.

तेवढं मला सांगायला लावू नकोस. आज दूध पाजते आहेस, उद्या ते पिल्लू तुलाच मारावं लागेल, आणि भावोजी त्याच्यासाठी रडतील. त्यांना खरं सांग. पोलिसांतल्या तक्रारीचा मसुदा सोबत आहे, तपासून दे. इथे बेवारस कुत्र्यांचं आश्रयगृह आहे. दोघं या, हात लावून, बघून न्या.

लोभ मागावा लागत नाही, आहे.
धाकटा

३० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

सांगितलं. यांच्या खुर्चीपाशी उभी राहून, शाळेत उभं करतात तशी. यांनी विचारलं, म्हणजे ते आजारी नाही ना. मी म्हटलं, नाही, फोटोतलं पिल्लू कुणाचं तरी आहे, खेळत असेल कुठेतरी. बरं झालं, म्हणाले, आणि वाडगा पुन्हा घासायला घेतला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी येतो. गळपट्टा अजून यांच्या खिशातच आहे. तक्रारीत तू ‘फसवणुक’ लिहिलंयस. णू दीर्घ हवा. तसाच राहू दिला.

लोभ होता तसाच ठेव.
ताई